उंदराला मोटिलिनच नाही, मग एरिथ्रोमायसिनचं रीडिंग येणार कुठून?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी नाशिकला एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. बाळहिरड्याच्या अर्काने आतड्याची हालचाल वाढते का, हे स्विस अल्बिनो माइसवर चारकोल मील टेस्टने, म्हणजे पाजलेला कोळसा आतड्यात किती पुढे सरकला ते मोजून, बघतोय. स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठीचं ठरलेलं औषध म्हणून, एरिथ्रोमायसिन घेतलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा एरिथ्रोमायसिनचा गट आणि कंट्रोल गट सारखेच आले. गाइड म्हणतात, तुझा हात बसलेला नाही. शिवाय सेमिनारला आतड्यातली पेप्टाइडं आणि त्यांचे रिसेप्टर यावर बोलायचंय. कुठून सुरुवात करू?"

तुझा हात बसलाय की नाही ते मला इथून दिसत नाही. पण तीनदा केलेल्या प्रयोगात तीनदा तेच उत्तर आलं, तर ते हात न बसल्याचं लक्षण नव्हे. नवख्या हाताची रीडिंग्ज इकडेतिकडे उड्या मारतात. तुझी तर नीट रांगेत उभी आहेत. घोळ झालाय तो प्रयोगाच्या आधी, स्टँडर्ड निवडताना. आणि तो तू एकट्याने घातलेला नाहीस. प्रोटोकॉलवर सह्या करणाऱ्या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

मोटिलिन हे २२ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी. माणूस उपाशी असला की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून ते साधारण दीड-दोन तासांनी लाटेसारखं रक्तात येतं. त्याबरोबर जठरापासून आकुंचनाची एक जोरकस लाट निघते आणि आतलं उरलंसुरलं झाडून पुढे नेते. पोटात कावळे ओरडतात म्हणतो ना आपण, त्या कावळ्यांमागे बऱ्याच अंशी हीच झाडलोट असते. एरिथ्रोमायसिन हे खरं तर जंतू मारायचं औषध, पण ते मोटिलिनच्या रिसेप्टरवरही, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवरही, जाऊन बसतं. म्हणून ते घेतल्यावर अनेकांच्या पोटात मुरडा येतो. आणि म्हणूनच मधुमेहाने जठर सुस्तावलेल्या रुग्णांना डॉक्टर ते मुद्दाम देतात.

आता तुझे माइस. माउस काय किंवा रॅट काय, दोघांच्याही जीनोममध्ये मोटिलिनचा जीन मोडून पडलेला आहे आणि त्याच्या रिसेप्टरचाही. टोपी कितीही भारी आणली तरी टांगायला भिंतीत खुंटी हवी ना! एरिथ्रोमायसिनचा डोस वाढवत नेलास तर दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने काहीतरी हललेलं दिसेलही, पण तो मोटिलिनचा परिणाम नसेल आणि 'स्टँडर्ड' म्हणून त्याला अर्थ नसेल. मोटिलिनच पाहिजे असेल तर जुन्या प्रयोगशाळांमधली सशाच्या ड्युओडेनमची, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची, पट्टी घ्यावी लागते. ती ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे कोमट क्षारद्रवाच्या भांड्यात, टांगली की मोटिलिनला चटकन आखडते.

गंमत अशी, की ज्या प्राण्याकडे हे पेप्टाइड आणि त्याचा रिसेप्टर दोन्ही आहेत, तो कदाचित तुझ्या हॉस्टेलच्या मोरीतच रात्री चिकचिक करत फिरत असेल. चिचुंद्री. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमधून भिंतीला नाक घासत पळणारी आणि मागे वास सोडून जाणारी. लोक तिला उंदीर समजून पिंजरा लावतात, पण ती उंदराच्या कुळातली नाहीच. किडे खाणाऱ्या प्राण्यांची ती वेगळी शाखा. जपानमधल्या संशोधकांनी तिला प्रयोगशाळेत वाढवून तिच्यावर मोटिलिनचं बरंच काम केलं, कारण उपाशीपोटी तिच्या जठरात माणसासारख्याच लाटा येतात. शिवाय तिला उलटी होते. माउसला आणि रॅटला उलटी करताच येत नाही.

शब्दांचाही एक घोळ आहे. मराठीत 'उंदीर' म्हटलं की माउस आणि रॅट दोन्ही आले. सेमिनारमध्ये मराठीतून बोललास तरी हे दोघे वेगळे ठेव. माउसला पित्ताशय असतं, रॅटला नसतं. सीसीके या आतड्यातल्या हॉर्मोनने पित्ताशय आकुंचन पावतं हे दाखवायला रॅट घेऊन बसलेला विद्यार्थी मी पाहिला आहे. संध्याकाळपर्यंत तो पित्ताशय शोधत होता.

तर सेमिनारची सुरुवात. सगळे करतात तशी पेप्टाइडांची यादी, अमिनो आम्लांची संख्या आणि ती बनवणाऱ्या पेशींची अक्षरी नावं अशी स्लाइड करू नकोस. लंडनमध्ये जानेवारी १९०२ ला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी काय केलं तिथून सुरू कर. कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा, त्याच्या सगळ्या नसा कापलेल्या, फक्त रक्तवाहिन्या शाबूत. त्यात आम्ल टाकलं, तरी स्वादुपिंडातून रस वाहू लागला. नसा नाहीत, मग निरोप गेला कसा? त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्ल आणि वाळू घालून घोटलं, गाळलं आणि शिरेत टोचलं. पुन्हा रस आला. त्या अर्कातल्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरात आणला. म्हणजे हॉर्मोन या कल्पनेचा जन्म आतड्यातला आहे, थायरॉइड किंवा पिट्युटरीतला नव्हे. परीक्षकांना हे आवडतं.

पण निरोप निघाला एवढ्याने काम होत नाही. तो घेणारा कुठे बसलाय यावर सगळं ठरतं. याचं माझं आवडतं उदाहरण जीएलपी-२.

१९७१ मध्ये एका रुग्णाची नोंद छापून आली. मूत्रपिंडात हॉर्मोन सोडणारी गाठ आणि लहान आतड्यातले विली, म्हणजे अस्तरावरचे ते बोटांसारखे उंचवटे, भलतेच वाढलेले. गाठ काढल्यावर आतडं पूर्ववत झालं. गाठीतून काहीतरी असं निघत होतं जे आतड्याला खतासारखं लागू पडत होतं. ते 'काहीतरी' नेमकं कोणतं, हे १९९६ मध्ये टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांच्या गटाने माइसवर दाखवलं: प्रोग्लुकॅगॉन या प्रथिनाच्या लांब साखळीतून कापून निघणारं, ३३ अमिनो आम्लांचं जीएलपी-२. माइसला काही दिवस ते टोचलं की लहान आतडं वजनाने भरतं, विली उंच होतात, तळाच्या क्रिप्टमधल्या पेशी भराभर विभागू लागतात.

आता कुणीही म्हणेल, की क्रिप्टमधल्या मूळ पेशींवर जीएलपी-२चा रिसेप्टर असणार. मीही बरीच वर्षं वर्गात तसंच शिकवत होते. तसं नाही. रिसेप्टर आहे तो अस्तराखालच्या आधार देणाऱ्या पेशींवर आणि आतड्याच्या स्वतःच्या मज्जापेशींवर. त्या निरोप घेतात आणि स्वतःकडचे वाढीचे घटक वर अस्तराकडे सोडतात. त्यांपैकी एक आयजीएफ-१. हा घटकच नसलेल्या माइसना जीएलपी-२ दिलं तर क्रिप्टमधली वाढ नेहमीसारखी होत नाही. म्हणजे मालकाने पाणी सोडायला सांगितलं ते वॉचमनला, आणि झाडं वाढली ती वॉचमनने पाणी घातल्यावर. बागेत मालक कधी आलाच नाही. वेगळ्या केलेल्या अस्तराच्या पेशी डिशमध्ये वाढवून त्यावर जीएलपी-२ टाकणाऱ्याला मग काहीच दिसत नाही, आणि तोही तुझ्यासारखाच आपल्या हाताला दोष देत बसतो.

या पेप्टाइडाला डीपीपी-४ नावाचं एन्झाइम दुसऱ्या जागेवरच्या अमिनो आम्लाशी कापतं. त्या जागी अलानिनऐवजी ग्लायसिन बसवलं की कापणं अवघड होतं. हेच ते टेड्युग्लुटाइड, आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालेलं. डीपीपी-४ तुला परकं नाही. मेडिकलमध्ये रोज खपणाऱ्या मधुमेहाच्या व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन याच कात्रीला अडवतात, फक्त तिथे वाचवायचं असतं ते जीएलपी-१.

दुसरं उदाहरण जीसी-सीचं, म्हणजे ग्वानिलेट सायक्लेज-सी या आतड्याच्या अस्तरावरच्या रिसेप्टरचं. यात माझे हात प्रत्यक्ष भिजलेले आहेत, म्हणून थोडं लांबेल.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका प्रयोगशाळेत होते. तिथे ई. कोलाय जंतूचं उकळूनही न मोडणारं विष तपासायला आम्ही तान्हे माइस वापरायचो. तीन-चार दिवसांचं पिल्लू, गुलाबी, करंगळीच्या दोन पेरांएवढं. कातडी इतकी पातळ, की प्यायलेलं दूध पोटात पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसतं. सुई कुठे लावायची ते त्या ठिपक्यावरून कळतं. नमुन्यात निळा रंग मिसळलेला असायचा, म्हणजे तो जठरातच गेला की बाहेर सांडला ते लगेच दिसे. साधारण तीन-साडेतीन तासांनी आतडं वेगळं करायचं, त्याचं वजन, उरलेल्या शरीराचं वजन, आणि भागाकार. विष असेल तर आतडं पाण्याने टम्म फुगलेलं असे. आमच्याकडे भागाकार ०.०९ च्या वर गेला की नमुना पॉझिटिव्ह धरत. ती पिल्लं हाताळायची सवय मला कधीच झाली नाही. आता ते विष ओळखायला इतर पद्धती आहेत, बरंच झालं.

हे विष बसतं त्या रिसेप्टरचा, म्हणजे जीसी-सीचा, जीन १९९० मध्ये हाती आला. पण जंतूच्या विषासाठी आतडं आपणहून रिसेप्टर कशाला बाळगेल? घरचं कुणीतरी असणारच. ते १९९२ मध्ये रॅटच्या आतड्यात सापडलं, १५ अमिनो आम्लांचं ग्वानिलिन; पाठोपाठ युरोग्वानिलिन. चोर आधी सापडला, घरमालक मागून. ग्वानिलिनचं रोजचं काम साधं आहे. पेशीत सीजीएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, त्याने सीएफटीआर हा क्लोराइडचा दरवाजा उघडतो, सोडियम आत घेणं मंदावतं, आणि अस्तरावर पुरेसं पाणी राहतं, म्हणजे आतला ऐवज सरकतो. विष तेच बटण दाबतं, पण दाबूनच धरतं. जुलाब.

१९९७ मध्ये जीसी-सी नसलेले माइस तयार झाले. विष पाजलं तरी पिल्लांना काही होईना. खरी विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच होती: तसे हे माइस चांगले खातेपिते, धडधाकट वाढले. एवढा महत्त्वाचा रिसेप्टर गेला तरी? नॉकआउट माउस, म्हणजे एखादा जीन मुद्दाम निकामी केलेला माउस, जन्मापासून त्या उणिवेसह वाढतो आणि शरीर दुसरीकडून सोय लावून घेतं. त्यामुळे 'नॉकआउटमध्ये फरक दिसला नाही म्हणून हा रिसेप्टर बिनकामाचा' हे वाक्य थीसिसमध्ये कुठेही लिहू नकोस.

उलट बाजू २०१२ मध्ये कळली. नॉर्वेतल्या एका कुटुंबात ३२ जणांना वर्षानुवर्षं पातळ शौचाचा त्रास होता. त्यांच्या जीसी-सीच्या जीनमध्ये एक असा बदल निघाला, की रिसेप्टर जरा चिथावलं तरी जास्तच काम करतो. त्या शोधात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संध्या विश्वेश्वरय्या यांचा सहभाग होता. पुढे त्यांच्या गटाने तोच बदल असलेला माउस तयार केला आणि २०२१ मध्ये दाखवलं, की त्याच्या आतड्यातले जीवाणूही बदलतात आणि आतड्याला सूज येण्याकडे त्याचा कल वाढतो. आणि बद्धकोष्ठावरचं लिनाक्लोटाइड? १४ अमिनो आम्लं, याच रिसेप्टरवर, २०१२ मध्येच अमेरिकेत मंजूर. विषाचा धाकटा सभ्य भाऊ म्हण.

बाकीच्यांना सेमिनारमध्ये एकेक मिनिट पुरे. सीसीके: चरबी आणि प्रथिनं आली की सुटतं, व्हेगस नसेच्या टोकांवरच्या सीसीके-१ रिसेप्टरवर बसून जठराला 'थांब जरा' सांगतं. जीएलपी-१ आणि पीवायवाय आतड्याच्या शेवटाकडे जास्त, दोघांचाही सूर 'हळू चला' असाच. सध्या गावभर चर्चा असलेली वजन उतरवणारी इंजेक्शनं जीएलपी-१च्या रिसेप्टरवरचीच. व्हीआयपी: २८ अमिनो आम्लं, १९७० मध्ये सैद आणि मट यांनी वेगळं केलं. स्नायू सैल करतं, पाणी सोडतं. त्र्यंबकेश्वरच्या व्हीआयपी रांगेशी संबंध नाही. हा विनोद कर, वर्ग जागा होतो. आणि जुन्या पुस्तकातली 'एक पेशी, एक हॉर्मोन' ही अक्षरांची आखीव मांडणी आता तशी धरता येत नाही. चमकणारी प्रथिनं बसवलेल्या माइसमध्ये एकच पेशी जागेनुसार दोन-तीन पेप्टाइडं बनवताना दिसली आहे.

एन्केफलिनसाठी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या अफूसारख्या पेप्टाइडासाठी, मात्र दोन मिनिटं ठेव, ते तुझ्या विषयाला लागून आहे. लोपेरामाइड अफूच्या म्यू रिसेप्टरवर बसून आतड्याची चालच रोखतं. रेसकॅडोट्रिल वेगळं: ते एन्केफलिन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, शरीराचं स्वतःचं एन्केफलिन टिकतं, डेल्टा रिसेप्टरमार्फत पाणी सुटणं कमी होतं, चाल फारशी मंदावत नाही. दोन्ही जुलाबावरची औषधं, पण तुझ्या चारकोल टेस्टमध्ये एक ठळक दिसेल आणि दुसरं जवळपास दिसणारच नाही.

आता तुझ्या टेबलावर येऊ. कारण हात बसणे हा प्रकारही खरा आहे, आणि त्यातसुद्धा एक पेप्टाइड लपलेलं आहे. माउसला शेपटीने उचललास की तो लगेच लेंड्या टाकतो, पाहिलं असशील. ताण आला की मेंदूत सीआरएफ हे पेप्टाइड सुटतं. सीआरएफ-१ रिसेप्टरच्या वाटेने मोठं आतडं घाईला येतं, सीआरएफ-२ च्या वाटेने जठर रिकामं होणं मंदावतं. एकाच वेळी दोन्ही. म्हणजे गॅव्हाजच्या (तोंडातून थेट जठरात औषध सोडण्याच्या) सुईला घाबरलेल्या माउसचं चारकोल जठरातच रेंगाळतं आणि तुला वाटतं आतडं हळू आहे. प्रयोगाआधी पाच-सहा दिवस रोज त्यांना हातात घे, नुसत्या पाण्याचा गॅव्हाज दे. फरक पडतो.

उपाशी ठेवण्याचंही असंच. १६-१८ तासांचा उपास माउससाठी फार मोठा असतो. एका जानेवारीत, निफाडचा पारा बातम्यांत होता तेव्हा, आमच्या अ‍ॅनिमल हाउसचा हीटर रात्री बंद पडला. सकाळी तिथले मामा धावत आले, "मॅडम, मेलेत सगळे." पिंजऱ्यात माइस गोळे होऊन पडलेले, हाताला थंडगार. एकाला मुठीत धरून बसले. दहा-पंधरा मिनिटांत मिशा हलल्या. उपाशी माउस थंडीत शरीराचं तापमान खाली आणतो आणि निपचित पडतो, त्याला टॉर्पर म्हणतात. मेले नव्हते, पण त्या दिवसाचं कुठलंही रीडिंग आतड्याचं म्हणून लिहिण्याच्या लायकीचं नव्हतं. खोलीचं तापमान रात्रीचंही लिहून ठेव, उपास कमी कर, आणि पिंजऱ्याखाली जाळी घाल. नाहीतर ते स्वतःच्या लेंड्या आणि भुसा खातात आणि तू 'उपाशी' असं लिहितोस.

आतडं काढताना ओढू नकोस. पायलोरसपासून (जठराचं शेवटचं टोक) सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याची सुरुवात) अलगद सोडवून ओल्या फिल्टर पेपरवर ठेव आणि स्वतःच्या वजनाने जसं पसरेल तसं मोज. दोन्ही टोकं धरून सरळ करण्याच्या नादात ते पाच-सहा सेंटिमीटर सहज लांबतं, आणि रिकामा भाग भरलेल्या भागापेक्षा जास्त ताणला जातो, त्यामुळे टक्केवारीच बिघडते. मोजणाऱ्याला कुठला गट आहे ते कळता कामा नये, मैत्रिणीला बसव.

आणि ही टेस्ट जठर आणि लहान आतडं दोघांचं मिळून उत्तर देते. हिरड्याने नेमकं काय केलं ते सांगायचं असेल तर जठरासाठी फिनॉल रेड मील, म्हणजे पाजलेला रंग जठरात किती उरला ते मोजणारी टेस्ट, वेगळी लाव.

स्टँडर्ड कोणतं? टेस्ट चालते आहे हे दाखवायला मज्जातंतूंचा निरोप टिकवून आतडं हलवणारं निओस्टिग्मिन, माउसच्या अ‍ॅसिटिलकोलिनच्या यंत्रणेत काही मोडलेलं नाही. रिसेप्टरच्या अंगाने लिहायचं असेल तर प्रुकालोप्राइड, सेरोटोनिनच्या ५-एचटी४ रिसेप्टरवर बसणारं. मंद करणारं म्हणून लोपेरामाइडचा एक छोटा गट ठेवलास तर टेस्ट दोन्ही बाजूंना हलते हे दिसेल. पेप्टाइडच हवं असा हट्ट असेल तर घ्रेलिन. मोटिलिनचा हा नातलग माउसमध्ये शाबूत आहे आणि जठर लवकर रिकामं करतो, पण महाग पडेल आणि एम.फार्म.ला गरज नाही.

एरिथ्रोमायसिनची तिन्ही रीडिंग्ज थीसिसमध्ये राहू देत, कारणासह. गाइडना मोटिलिनच्या जीनवरचा एखादा पेपर प्रिंट काढून दे, तोंडी वाद घालू नकोस. स्टँडर्ड बदलायचं आणि गट वाढवायचा म्हणजे आयएईसीकडे, म्हणजे कॉलेजच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीकडे, सुधारित अर्ज लागेल. तो याच आठवड्यात टाक. अनेक कॉलेजांत ती मीटिंग दोन-तीन महिन्यांतून एकदाच होते आणि तुझं सबमिशन जवळ आलं असणार.